मागच्या दारातली बोली

"मागच्या घराचा रंग अजून ओला आहे का हो?" त्या बाईनं मला विचारलं. "आतल्या आजी म्हणाल्या, भिंतीला हात लावू नका, रंग वाळलेला नाही. म्हणून आम्ही दारातूनच बघून परतलो."

मी हातातली नावांची यादी खाली घेतली. शनिवारची सकाळ, साडेदहाचं लख्ख ऊन, घर बघायला आलेली तीस-पस्तीस माणसं इकडून तिकडे फिरत होती. मागच्या घरात कुणी आजी नव्हत्या. दोन महिने तिथं कुणीच नव्हतं. आणि रंग म्हणाल, तर त्या घराला बांधल्यापासून दुसरा हात कुणी लावलेला नव्हता.

"कुठल्या आजी?" मी म्हटलं.

"काळ्या झग्यातल्या. जाळीच्या दाराआड उभ्या होत्या. फार गोड आहेत. त्या घराबरोबरच येणार का?" असं म्हणून ती हसली. तिचा नवराही हसला.

"शेजारच्या असतील," मी ठोकून दिलं. तीस वर्षं घरं विकणाऱ्याच्या ऑफिसात काढली की अशी उत्तरं तोंडातून आपोआप पडतात. पण माझ्या मानेवर काटा आला होता, आणि तो घरी जाऊन जेवायला बसले तरी गेला नव्हता.

झारेन फाटकापाशी लोकांशी हस्तांदोलन करत होता. त्यानं ऐकलं होतं. चेहऱ्यावरचं हसू तसंच, पण हसण्यामागचा माणूस पार उतरलेला.

"मागं नळ गळत असेल," तो मला म्हणाला.

"ती रंग म्हणाली, झारेन. नळ नाही."

"ऐकलं मी, चेत्ति. बहिरा नाहीये." आणि तो पुढच्या माणसाकडे हात पुढे करून निघून गेला.

झारेन बुत्तिजीज म्हणजे आमच्या ग्रेस्टेन्स उपनगरातला घरांचा एजंट. वय सदुसष्ट. आमच्यातल्या बऱ्याच जणांसारखा, नऊ वर्षांचा असताना गोझो बेटावरून बोटीनं आला. बापानं इथं कोंबड्या पाळल्या, पुढे ती कोंबड्यांची जमीन तुकडे पाडून विकली गेली, आणि ते तुकडे विकता विकता झारेन एजंट झाला. बायको लवकर गेली. मूलबाळ नाही. दुपारी ऑफिसातच पाव, ट्यूना आणि केपरची लोणचट फळं खायची, संध्याकाळी चर्चला जायचं, रविवारी शेजाऱ्यांचं गवत कापून द्यायचं. सांगण्यासारखं एवढंच. आमच्या लोकांत त्याला कुणी मोठा म्हणत नव्हतं, पण खोटाही म्हणत नव्हतं.

त्याचा सगळा धंदा मागच्या घरांवर चालायचा. परसात बांधलेलं ते दोन खोल्यांचं घर, ज्याला इथं ग्रॅनी फ्लॅट म्हणतात. नव्या पोरांना तो टेबलावर चहाच्या कपाने दाखवायचा. "हे समोरचं घर. याला गिऱ्हाईक एक. आता मागं हे छोटं ठेवा. ज्या जोडप्याला बँक दारात उभं करत नव्हती, ती भाड्याच्या आशेवर उभं करते. ज्याची आई एकटी पडलीय तो येतो. ज्याचा मुलगा तिशीला आला तरी घर सोडत नाही तो येतो. बायकोशी पटेना झालेला तोही येतो, पण तो कारण सांगत नाही." पोरं हसायची. तो हसायचा नाही. त्याचा त्यावर खरंच विश्वास होता. म्हातारी माणसं वृद्धाश्रमात कुजू नयेत, लेकराबाळांच्या नजरेत राहावीत, यासाठी हे परसातलं घर म्हणजे देवानं सुचवलेली युक्ती आहे असं तो म्हणायचा.

जूझा श्वेरेबला ही युक्ती त्यानंच सुचवली.

जूझा आमच्या सगळ्यांची झिया, म्हणजे मावशी. नात्याची नव्हे, पण गावात तिला दुसऱ्या नावानं कुणी हाक मारत नसे. नवरा वारल्यावर पेंडल हिलच्या घरात एकटी राहायची. आठ वर्षांपूर्वी झारेननं ते घर विकून दिलं. आलेल्या पैशातून तिची लेक मार्तीज हिच्या परसात मागचं घर उभं राहिलं आणि उरलेला पैसा मार्तीजच्या कर्जात गेला. कागद एकही झाला नाही. जमीन मार्तीजची आणि तिच्या नवऱ्याची, म्हणजे वर उभं राहिलं ते सगळं त्यांचंच. मी तेव्हा झारेनला म्हटलं होतं, वकिलाकडून दोन ओळी लिहून घे. तो म्हणाला, आई-लेकीत वकील घालू का मी?

मग त्याच परसात, ओल्या सिमेंटवर फळी टाकलेली, तिच्यावर उभं राहून त्यानं झियाला सांगितलं, "इथून तुम्हाला कुणी हलवणार नाही. मी सांगतो ना."

"तू सांगतोस म्हणजे झालं," झिया म्हणाली. आणि आम्हाला लवंग घातलेली कॉफी दिली.

सात वर्षं सगळं छान चाललं. मग मार्तीजचं आणि नवऱ्याचं फाटलं. त्याला त्याचा अर्धा हिस्सा हवा होता, म्हणजे घर विकायलाच हवं होतं. मार्तीज रडत झारेनकडे आली. त्यानं तिला पाणी दिलं. मग म्हणाला, "आई आत राहत असताना घर विकलं जात नाही. लोकांना मागचं घर रिकामं बघायचं असतं. आधी तिला दुसरीकडे ने, मग फोटो काढू."

हे तो म्हणाला. मी समोर बसले होते. धंद्यातलं साधं वाक्य होतं ते, दर महिन्याला कुणाला ना कुणाला तो सांगायचा. या वेळी ते कुणाबद्दल आहे हे त्याच्या तोंडातून निघून गेल्यावरच त्याला कळलं असावं.

झियाला खरं कुणी सांगितलं नाही. रंगारी येणार आहेत, वासानं त्रास होईल, दोन आठवडे वृद्धाश्रमात राहा, असं सांगितलं. ही कल्पनाही झारेनचीच. ती लहान बॅग घेऊन गेली. आणि रोज अकराला ऑफिसात फोन यायला लागला.

"झारेन, रंग वाळला का रे?"

"अजून ओला आहे, झिया."

दोनदा तो बाहेर होता तेव्हा मीच सांगितलं, अजून ओला आहे. माझी जीभ झडली नाही. एकोणिसाव्या दिवशी फोन आला नाही. दुपारी मार्तीजचा आला. झिया सकाळी खुर्चीतच गेली होती, अंगावर बाहेर जायचे कपडे आणि मांडीवर बॅग.

आता सांगा, रंग ओला आहे ही गोष्ट झारेन, मार्तीज आणि मी, आम्हा तिघांखेरीज कुणाला माहीत होती?

दुसऱ्या शनिवारी एक पंजाबी ड्रायव्हर बघायला आला. तो म्हणाला, मागं छान कॉफीचा वास येतोय, कुणी केलीय का? तिथला गॅस मी स्वतः बंद करून घेतला होता. तिसऱ्या शनिवारी मी लवकर गेले. परसात झियानं लावलेल्या केपरच्या कुंड्या होत्या. दोन महिन्यांत त्यांना पाणी घालणारं कुणी नव्हतं, पावसाचा थेंब नव्हता. सगळ्या कुंड्यांची माती ओली होती. मी बोट घालून बघितलं आणि बोट तसंच धरून किती तरी वेळ उभी राहिले. मला भीती वाटली, खोटं कशाला बोलू. पण भीतीपेक्षा लाज जास्त वाटली.

झारेन त्या चारही शनिवारी मागच्या घरात एकदाही गेला नाही. लोकांना पाठवायचा, स्वतः लिंबाच्या झाडापर्यंत यायचा आणि तिथं थांबायचा.

"आत जाऊन ये एकदा," मी म्हटलं.

"काय करू जाऊन?"

"मला काय ठाऊक? तू जा."

"लिलाव झाला की जाईन," तो म्हणाला. "एकदा घर गेलं की संपेल हे."

लिलाव मे महिन्यातल्या एका शनिवारी. झारेन लिलाव नेहमी परसात घ्यायचा, दोन घरांच्या मधल्या गवतावर, म्हणजे बोली लावताना माणसाच्या डोळ्यांसमोर दोन्ही घरं राहतात. ज्याला बोली लावायची त्यानं आधी माझ्याकडे नाव नोंदवून नंबराचं कार्ड घ्यायचं, आणि प्रत्येक बोली कोणत्या नंबराची ते मी वहीत लिहायची. हा नियम आहे, आणि या नियमामागं एक जुनी घाण आहे. काही एजंट बोली अडकली की मागच्या झाडांकडे बघून ओरडतात, "धन्यवाद साहेब!" तिथं साहेब नसतो, झाड असतं. खोटी बोली. आमच्याकडे तिला झाडावरची बोली म्हणतात. त्यात लायसन जातं, दंड होतो, वर माणूस कायमचा बदनाम. चाळीस वर्षांत झारेननं अशी एकही बोली घेतली नव्हती. त्याला कशाचा अभिमान होता म्हणाल तर एवढ्याचाच.

त्या दिवशी खरे गिऱ्हाईक दोनच निघाले. एक गॉगलवाला, ज्याला दोन्ही घरं भाड्यानं लावायची होती. दुसरा सर्गोन, फेअरफील्ड भागातला असिरियन ख्रिस्ती तरुण. बरोबर बायको आणि आई शूशान. मागचं घर आईसाठी. शूशानबाईंना आपल्या भाषेपलीकडे फारसं येत नव्हतं. त्या डोक्याला रुमाल बांधून वाटेच्या कडेला उभ्या होत्या आणि मागच्या घराकडे टक लावून बघत होत्या.

मार्तीज स्वयंपाकघराच्या पायरीवर उभी. हातातला कागदी रुमाल तिनं पिळून पिळून दोरी केला होता. आज घर गेलं नाही तर नवऱ्याचा वकील सोमवारी काय करणार होता, हे तिनं मला सकाळीच सांगितलं होतं.

झारेन झकास बोलला. आवाज खणखणीत, विनोद जागच्या जागी. बोली भराभर चढली. मग सर्गोन थांबला. बायकोकडे बघितलं, तिनं नाही म्हणून मान हलवली. गॉगलवाल्याची पंधरा लाख वीस हजार डॉलरांची बोली वर राहिली. किमान किंमत कधीच पार झाली होती. आता फक्त हातोडा.

"पहिली वेळ," झारेन म्हणाला. "दुसरी वेळ..."

आणि तो आमच्या डोक्यांवरून पलीकडे बघायला लागला.

"धन्यवाद," तो म्हणाला. "मागच्या दारातल्या बाई. पंधरा लाख तीस हजार."

अगदी धंद्याच्या आवाजात, सहज. सगळ्यांनी मागं बघितलं. मीही बघितलं. मागचं घर, त्याचं बंद जाळीचं दार, बाजूला कुंड्या. जाळीआड अंधार. भर उन्हात जाळीच्या आत जेवढं दिसतं तेवढंच मला दिसलं. कुणी नव्हतं म्हणू? मला शपथेवर सांगता येणार नाही.

"कोण बाई?" गॉगलवाला ओरडला. "कुठाय बाई? म्हातारा झाडावरून बोल्या पाडतोय बघा! अरे, सगळ्यांदेखत!" त्यानं फोन वर धरून चित्रण सुरू केलं.

मी झारेनच्या जवळ सरकले. "बोली मागं घे," मी दातांतल्या दातांत म्हटलं. "ऊन डोळ्यांत आलं म्हण. चुकलो म्हण. एका वाक्याचं काम आहे."

"तिनं हात वर केला, चेत्ति."

"झारेन, तुझ्या पाया पडते."

"लिही तू."

"काय लिहू? नंबर काय लिहू?"

"तिला कार्ड नकोय," तो म्हणाला. "तिनं आपल्या सगळ्यांच्या आधी पैसे भरलेत."

"झारेन!" पायरीवरून मार्तीज किंचाळली. "काय चाललंय? विका ना! विकून टाका!"

त्यानं तिच्याकडे बघितलं. मग लोकांकडे. आणि तो लिलावाच्या आवाजात बोलला नाही, ऑफिसात माझ्याशी बोलतो तसा बोलला.

"हे मागचं घर जिनं बांधलं, तिला मी याच परसात उभं राहून सांगितलं होतं, इथून तुम्हाला कुणी हलवणार नाही. मग मीच हलवलं. रंग देतोय असं खोटं सांगून. रंग वाळण्याची वाट बघत ती गेली. रंग कुणी दिलाच नव्हता." त्यानं पायरीकडे हात केला. "समोरचं घर मार्तीजचं आहे, तिनं खुशाल विकावं. पण मागचं मी एकदा विकलेलं आहे. दुसऱ्यांदा माझ्याच्यानं होत नाही."

गॉगलवाल्याचा फोन धरलेला हात अजून वरच.

"तिसरी वेळ," झारेन म्हणाला, आणि हातोडा हाणला. "विकलं. मागच्या दारातल्या बाईंना."

पुढे काय झालं ते सांगून टाकते. लिलाव अर्थातच रद्द झाला. चित्रण लायसन देणाऱ्या खात्याकडे गेलं. चौकशीला आलेल्या बाईनं झारेनला विचारलं, तिथं खरंच कुणी होतं का? तो म्हणाला, होतं. नाही म्हटलं असतं, म्हातारपणाची चूक म्हटलं असतं, तर ताकीद देऊन सोडलं असतं. लायसन गेलं. मला विचारलं तेव्हा मी माझी वही पुढे ठेवली. शेवटच्या बोलीसमोर नंबराच्या रकान्यात मी जूझा श्वेरेब असं लिहिलं होतं. घर तीन आठवड्यांनी दुसऱ्या ऑफिसनं विकलं, सर्गोनलाच, थोडं कमी भावानं. मार्तीजनं झारेनशी बोलणं टाकलं. तिचा राग मला समजतो. पण लिलावाच्या आदल्या दिवसापर्यंत ती आईसाठी रडली नव्हती, आणि त्या सकाळी पायरीवर बसून ती जी रडली, ते घरासाठी नव्हतं.

पण हे सगळं नंतरचं.

हातोडा पडला की एजंटनं करारनामा आणि पेन घेऊन सही घ्यायला बोली जिंकणाऱ्याकडे जायचं असतं. लोक शिव्या देत, कुजबुजत उभे होते. झारेननं टेबलावरचा करारनामा उचलला, कोटाची बटणं लावली आणि गवत ओलांडून निघाला. लिंबाच्या झाडापाशी थांबला नाही. जाळीच्या दारावर टकटक केली. थोडा वेळ उभा राहिला. मग "येऊ का?" म्हणाला, आणि आत गेला.

मी त्याच्या मागोमाग पायरीपर्यंत गेले. पुढं पाय उचलेना. आतून त्याचा आवाज येत होता, आमच्या भाषेत, खालच्या पट्टीत. एकटा माणूस बोलतो तसा तो सलग नव्हता. थोडं बोलायचा, मग थांबायचा. थांबलेला असताना मधेच हं म्हणायचा. एकदा तो हसला. एकदा बराच वेळ काहीच नाही, आणि मग नाक ओढल्याचा आवाज. जाळीतून लवंगेचा वास येत होता. मी क्रूसाची खूण केली आणि कठडा घट्ट धरला.

"तुम्ही म्हणाल तेव्हा," तो आत म्हणत होता. "नाही, नाही. मला कसली घाई? आज काही घाई नाही."

वीस मिनिटं गेली असतील. गॉगलवाला धमक्या देऊन निघून गेला. बाकीचे मात्र गेले नाहीत. का गेले नाहीत ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

मग दार उघडलं. झारेन बाहेर आला. करारनामा हातात नव्हता. तो पायरीवर बाजूला सरला आणि जाळीचं दार हातानं उघडं धरून उभा राहिला. आपण एकटे बाहेर पडताना जेवढं धरतो त्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ. मग त्यानं ते हळूच, आवाज होऊ न देता लावलं, आणि उजवा कोपर अंगापासून थोडा लांब ठेवून वाटेवरून फाटकाकडे चालायला लागला.

झारेन झपझप चालणारा माणूस. तीस वर्षं मी त्याच्यामागं धापा टाकत आलेय. त्या दिवशी तो पावलाला पाऊल जुळवत चालला. वाटेत फरशी उचकटलेली होती तिथं थांबला, खाली बघितलं, वाट बघितली, मग पुढचं पाऊल टाकलं. मार्तीज पायरीवरून उठून उभी राहिली होती.

वाट अरुंद, आणि शूशानबाई अगदी तिच्या कडेला उभ्या. त्यांना आमच्यातलं कुणी ठाऊक नव्हतं, बोलणं तर एक अक्षर कळलं नसणार. झारेन जवळ आला तशा त्या सुनेचा हात धरून गवतावर उतरल्या आणि त्यांनी त्याला वाट दिली. तो पुढे गेला. सून परत वाटेवर यायला निघाली, पण शूशानबाईंनी तिला मागं ओढलं. आणखी एक माणूस जाईपर्यंत थांबावं तशा त्या थांबल्या, मान खाली घातली, आणि मगच वाटेवर आल्या.